मेंदूचा जागल्या

साठी बुद्धि नाठी, ही म्हण आपल्या भाषेंत किती पिढ्यांपासून चालत आली आहे, कोण जाणे! वय झालें म्हणजे जसे केस पांढरे व्हावयाचे, दांत पडावयाचे, तशीच बुद्धीहि नाहींशी व्हावयाची, असा तिचा भावार्थ. घरांतील वडील माणूस तेंच तें पुन्हां पुन्हां विचारूं लागला, जेवण झालें असतां ‘मला अजून कोणी वाढलें नाहीं’ म्हणून रुसूं लागला, जन्मभर ज्या वावराची वाट तुडविली तीच वाट चुकूं लागला, म्हणजे आपण त्याला ‘म्हातारचळ’ असें नांव देऊन मोकळे होतों. यवतमाळ जिल्ह्यांत वणी, केळापूर, दारव्हा, पुसद, उमरखेड यांपैकीं कोणत्याहि तालुक्यांतील खेड्यांत गेलें तरी हा शब्द ऐकावयास मिळेल. असें नांव देण्यांत एक सोय असते. ती ही कीं, पुढें कांहीं विचारावयाचें उरत नाहीं.

परंतु श्रोतेहो, वार्धक्य वेगळें आणि स्मृतिभ्रंश वेगळा. भारतांतील साठ व त्याहून अधिक वयाच्या लोकांची एक विस्तृत पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणें अशा शंभर माणसांपैकीं सुमारें सात जणांना, म्हणजे एकंदर सुमारें ८८ लक्ष लोकांना स्मृतिभ्रंश जडलेला असून, शहरांपेक्षां खेड्यांत त्याचें प्रमाण अधिक आहे. शंभरांत सात ही संख्या लहान नव्हे. पण तीच संख्या उलट बाजूनें वाचली, तर शंभरांतील त्र्याण्णव वृद्धांना हा रोग नसतो, असाहि तिचा अर्थ होतो. म्हातारपणाचा हा धर्मच असता, तर तो सर्वांना सारखाच लागू झाला असता. जें सर्वांना होत नाहीं त्याला कांहींतरी कारण असलें पाहिजे. आणि कारण असेल तर तें शोधतांहि आलें पाहिजे. या शोधाला आतां सव्वाशे वर्षें होऊन गेलीं आहेत. त्यांतील एकच धागा मी आज आपल्यापुढें उलगडून दाखविणार आहें. शरीराचें रक्षण करणारी जी आपली प्रतिकारयंत्रणा, तिचा या रोगाच्या आरंभाशीं संबंध काय, हा तो धागा होय.

प्रतिकारयंत्रणा म्हणजे काय, हें आपल्याकडील उदाहरणानें सांगतां येईल. पीक हाताशीं आलें म्हणजे वऱ्हाडांतील शेतकरी रात्रीं जागलीस जातो. रानडुकरांचा कळप वावरांत शिरला कीं तो आरोळ्या ठोकतो, टेंभा घेऊन धांवतो. जागल्या नसेल तर पीक घरीं येत नाहीं. पण काळोखांत तोच उभ्या पिकांतून वेडावांकडा धांवूं लागला, किंवा टेंभ्याची ठिणगी वाळल्या कडब्यावर पडली, तर डुकरांनीं केली नसती तेवढी नासाडी त्याच्याच हातून होते. रक्तांतील पांढऱ्या पेशी, त्यांनीं घडविलेलीं प्रतिपिंडें, आणि मेंदूंत कायम वस्ती करून राहिलेल्या कांहीं विशेष पेशी, हे आपल्या देहाचे जागले होत. स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभीं हे जागले राखण करीत असतात कीं नासाडी, हाच या इतिहासांतील मुख्य प्रश्न आहे.

हा प्रश्न प्रथम धीटपणें विचारला तो इल्या मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें. १८८२ सालीं सिसिली बेटांतील मेसिना येथें त्यांनीं तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत गुलाबाचे कांटे टोंचून ठेवले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परकी वस्तु दिसतांच तिला घेरून गिळून टाकणाऱ्या या पेशींना त्यांनीं भक्षक पेशी असें नांव दिलें. पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं हयात घालविली, आणि १९०८ सालीं पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या मेच्निकॉफनीं १९०३ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, वृद्धपणीं याच भक्षक पेशी उलटतात, मेंदूंतील मज्जापेशींवर तुटून पडून त्यांना खाऊन टाकतात, आणि म्हणून बुद्धि क्षीण होते. त्यांना चिथावतें तें मोठ्या आंतड्यांत कुजणाऱ्या अन्नाचें विष, आणि त्यावर उतारा म्हणजे आंबविलेलें दूध, असेंहि त्यांचें मत होतें. दह्याताकावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा उपदेश वाचून बरें वाटेल. परंतु ताक पिणाऱ्या घरांतहि स्मृतिभ्रंश होतो, हें आपण पाहतोंच. मेच्निकॉफ यांचें उत्तर पुराव्याच्या फार पुढें धांवलें होतें. त्यांचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याला मान मिळण्यास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटावा लागला.

इकडे जर्मनींत फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळांत १९०१ सालीं एक एकावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचें नांवहि धड लिहितां येईना. तिची नोंद आलोइस आल्त्सहायमर या डॉक्टरांनीं बारकाईनें ठेविली. १९०६ सालीं ती वारल्यावर तिचा मेंदू त्यांनीं म्यूनिक येथें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला. तेव्हां मज्जापेशींच्या बाहेर एका विचित्र पदार्थाचे साके आणि पेशींच्या आंत तंतूंचा गुंता त्यांना आढळला. मज्जापेशींना आधार देणाऱ्या ज्या ‘ग्लिया’ नांवाच्या पेशी असतात, त्यांतहि फरक पडल्याचें त्यांनीं नमूद केलें. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं ट्यूबिंगेनच्या सभेंत त्यांनीं ही हकीकत सांगितली. पण सभेंत त्यावर कोणी एक प्रश्नहि विचारला नाहीं. १९१० सालीं त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत या रोगाला आल्त्सहायमर यांचें नांव दिलें. आपल्याकडे इंग्रजी उच्चाराप्रमाणें जो अल्झायमर म्हणून ओळखला जातो, तोच हा रोग होय.

या नामकरणांतून एक अनर्थहि ओढवला. ती रोगी स्त्री प्रौढ वयाची होती, वृद्ध नव्हती. त्यामुळें अल्झायमर हा तरुणपण व म्हातारपण यांच्या मधल्या वयांत क्वचित् होणारा रोग, आणि वृद्धांची विस्मृति म्हणजे निव्वळ वार्धक्य, अशी वांटणी वैद्यकानें करून टाकली. ती पन्नासाहून अधिक वर्षें टिकली. इंग्लंडांत न्यूकॅसल येथील डॉक्टरांनीं वृद्धांचे मेंदू मोजूनमापून तपासले आणि १९६८ सालीं तेच साके त्यांतहि दाखवून दिले, तेव्हां कोठें ती मोडूं लागली. ‘साठी बुद्धि नाठी’ हें मत केवळ आपल्याच खेड्यांतलें नव्हे. युरोपांतील विद्यापीठेंहि तें दीर्घकाळ उराशीं धरून बसलीं होतीं.

आल्त्सहायमर यांच्याच काळांत बुद्धिनाशाच्या दुसऱ्या एका रोगाचा मात्र उलगडा झाला. वेड्यांच्या इस्पितळांतून सर्वत्र असे रोगी असत कीं, ज्यांची बुद्धि व चालणें दोन्हीं बिघडत जाऊन तीनचार वर्षांत त्यांचा अंत होई. हा उपदंशाचा, म्हणजे गरमीच्या रोगाचा, शेवटचा टप्पा आहे, हें नोगुची व मूर यांनीं १९१३ सालीं रोग्यांच्या मेंदूंत जंतु दाखवून सिद्ध केलें. १९१७ सालीं व्हिएन्नाचे यूलियस व्हाग्नर-याउरेग यांनीं अशा रोग्यांना हिंवतापाच्या रोग्याचें रक्त मुद्दाम टोंचलें. जोराचा ताप आला आणि त्या तापाच्या भट्टींत कित्येकांची बुद्धि सुधारली. कांहीं हिंवतापानेंच दगावले. १९२७ सालीं या उपचाराला नोबेल पारितोषिक मिळालें, आणि पेनिसिलीन आल्यावर तो उपचार मागें पडला. त्याची आठवण ठेवावयाची ती दोन कारणांसाठीं. एक, बुद्धिनाशाचें कारण सांपडूं शकतें व त्याला उताराहि मिळूं शकतो. आणि दुसरें, शरीराची खवळलेली प्रतिकारशक्ति मेंदूच्या उपयोगीं पडूं शकते, पण तिची किंमत द्यावी लागते.

मेंदूचे स्वतःचे जागले कोणते, हें १९१९ सालीं माद्रिद येथील पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनीं दाखविलें. रौप्यक्षारानें रंगविण्याची एक नवी रीत त्यांनीं बसविली आणि मेंदूच्या सर्व भागांत विखुरलेल्या, बारीक फांद्या फुटलेल्या लहान पेशी वेगळ्या काढल्या. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. मेंदूला इजा झाली कीं या पेशी आपल्या फांद्या आंखडून घेतात, वाटोळ्या होतात, जखमेकडे सरकतात आणि तेथील केर गिळूं लागतात. म्हणजे मेच्निकॉफ यांच्या भक्षक पेशींचीच ही मेंदूंतील भाऊबंद जात होय. स्पेनमधील यादवीनें ओर्तेगा परागंदा झाले आणि १९४५ सालीं ब्यूनोस आयरिस येथें वारले. त्यांनीं दाखविलेल्या पेशींकडेहि पुढें कित्येक वर्षें थोड्यांचेंच लक्ष गेलें.

प्रतिकारशक्ति स्वतःच्याच मेंदूवर उलटूं शकते, याचा पुरावा मात्र आपल्या देशाच्या दाराशीं होता. पिसाळलेला कुत्रा चावला म्हणजे पोटांत चौदा सुया टोंचून घ्याव्या लागत, हें आजच्या साठी-सत्तरीच्या माणसांना चांगलें आठवत असेल. ती लस डेव्हिड सेम्पल यांनीं १९११ सालीं कसौली येथें सिद्ध केली होती. मेंढीच्या मेंदूंत रोगाचें विष वाढवून, तें कार्बोलिक आम्लानें निर्जीव करून ही लस बनवीत. तिनें असंख्य जीव वांचविले. परंतु थोड्या लोकांना लस घेतल्यानंतर कांहीं दिवसांनीं अर्धांगवायु होई, शुद्धि हरपे, क्वचित् मृत्यूहि येई. कारण काय? १९३३ सालीं न्यूयॉर्क येथें टॉमस रिव्हर्स यांनीं माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हां पुन्हां टोंचून तोच प्रकार घडवून आणला. रोगाचें विष त्यांत मुळींच नव्हतें. मेंढीचा मेंदू आणि माणसाचा मेंदू यांच्या घडणींत इतकें साम्य आहे कीं, परक्या मेंदूविरुद्ध शिकविलेली सेना आपल्या धन्याच्या मेंदूवरहि चाल करून जाते. सुरक्षित लशी आल्यानंतर इ. स. २००५ च्या सुमारास भारतानें ही जुनी लस कायमची बंद केली.

असें असतांहि, मेंदूंत प्रतिकारशक्तीचा शिरकाव होत नाहीं, अशी समजूत वैद्यकांत रुजली. १९४८ सालीं पीटर मेडावार यांनीं सशाच्या मेंदूंत परक्या सशाच्या कातड्याचा तुकडा बसविला. तो इतरत्र टिकतो त्याहून अधिक दिवस टिकला. यावरून मेंदू हा जणूं संस्थानी मुलूख आहे, तेथें बाहेरच्या पोलिसांचा अंमल चालत नाहीं, असें लोक मानूं लागले. मेडावार यांचें म्हणणें इतकें सरसकट नव्हतें. पण समजूत पसरली ती पसरलीच. मेंदूच्या आवरणांतून लसिकेच्या वाहिन्या जातात व त्या मेंदूचा बाहेरील प्रतिकारयंत्रणेशीं संबंध जोडतात, हें २०१५ सालीं दोन संशोधक गटांनीं दाखविलें, तेव्हां या समजुतीचा पाया पुरता खचला.

येथवरची हकीकत दूरदेशची वाटेल. यापुढचा एक दुवा मात्र आपल्या विदर्भाच्या अनुभवाशीं जुळलेला आहे, आणि तो महारोगाचा. सेवाग्रामास गांधीजींनीं परचुरेशास्त्री यांची स्वतः केलेली शुश्रूषा, १९३६ सालापासून दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं चालविलेलें कार्य, अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन यांचें तपोवन, १९५१ सालीं वर्ध्यास निघालेलें गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन, हीं नांवें या प्रांतांत सर्वांच्या परिचयाचीं आहेत. वणीहून वर्धा नदी ओलांडली कीं वरोरा फार दूर नाहीं. तेथें १९४९ सालीं स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीच्या वतीनें बाबा आमटे यांनीं आनंदवन वसविलें.

महारोगाचा, म्हणजे आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतों त्याचा, जंतु १८७३ सालीं नॉर्वेचे डॉ. हान्सेन यांनीं शोधून काढला. जंतु सर्वत्र तोच. परंतु रोगाचीं रूपें निरनिराळीं. ज्याची प्रतिकारशक्ति जंतूवर आवेशानें तुटून पडते, त्याच्या अंगावर चट्टे थोडे उठतात, पण मज्जातंतूंना इजा लवकर पोंचते. ज्याची प्रतिकारशक्ति या जंतूपुरती निद्रिस्त असते, त्याच्या देहांत जंतूंची अमर्याद वाढ होते. हातपाय बधिर होणें, बोटें वांकडीं होणें, यांतील बराचसा भाग जंतूंच्या विषामुळें नव्हे, तर जंतूंशीं झुंजतांना उठणाऱ्या दाहामुळें घडतो. म्हणजे जागल्या झोंपला तरी नाश, आणि बेभान झाला तरी नाश! हा धडा कुष्ठरोगानें वैद्यकाला दिला. या रोगावर पुष्कळ वर्षें मुख्य औषध होतें तें डॅप्सोन. ही स्वस्त गोळी जंतूंना आंवरते, आणि शिवाय दाहहि शमविते.

कॅनडांतील व्हँकूवर येथील पॅट्रिक व एडिथ मॅक्गीर या दांपत्यानें १९८० नंतरच्या दशकांत अल्झायमरनें मेलेल्यांच्या मेंदूंत साक्यांभोंवतीं खवळलेल्या मायक्रोग्लियांची दाटी दाखवून दिली. विझलेली राख नव्हे, तेथें विस्तव धुमसत होता. मग दाह शमविणारीं औषधें वर्षानुवर्षें घेणाऱ्यांना हा रोग कमी होतो काय, असें त्यांनीं विचारलें. संधिवाताच्या रोग्यांत तो कमी आढळतो, असें त्यांना १९९० सालीं दिसलें. नंतर जपानी सहकाऱ्यांसह त्यांनीं जपानमधील कुष्ठधामांतील तीन हजार सातशेंहून अधिक वृद्ध रोग्यांची पाहणी केली. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षाप्रमाणें, सतत औषध घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारें तीन टक्के, तर पांच वर्षें वा अधिक काळ औषधाविना असलेल्यांत तो सहा टक्क्यांहून किंचित् अधिक होता. महारोग्याची गोळी म्हाताऱ्याची बुद्धि राखील काय? क्षणभर सर्व जगाला तशी आशा वाटली.

ती आशा फळली नाहीं. पुढच्या पाहण्यांत या निष्कर्षाला सारखीच पुष्टि मिळाली नाहीं. दाहावर जालीम म्हणून गाजलेलें प्रेड्निसोन अल्झायमरच्या रोग्यांना वर्षभर देऊन पाहिलें. २००० सालीं निकाल आला तो उपयोग नाहीं असा. अमेरिकेंत सुमारें अडीच हजार निरोगी वृद्धांना, ज्यांच्या घराण्यांत हा रोग होता अशांना, सांधेदुखीवरील दोन औषधें देऊन रोग टाळतां येतो काय, हें पाहण्याचा प्रयोग २००१ सालीं सुरू झाला. हृदयाला धोका असल्याच्या शंकेनें तो २००४ च्या डिसेंबरांत थांबविला. आणि बुद्धीचें रक्षण झाल्याचेंहि आढळलें नाहीं. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, स्मरणशक्ति राहावी म्हणून दुकानांतून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेण्याचा मोह कोणाला होऊं नये. त्यांनीं मूत्रपिंडें व जठर बिघडतात. स्मृति राहात नाहीं.

जागल्याला झोंपविणें जमलें नाहीं. म्हणून दुसऱ्या पक्षानें त्याला चेतविण्याचें ठरविलें. ज्या पदार्थाचे साके मेंदूंत बसतात, त्या अमायलॉइडचीच लस टोंचावी आणि प्रतिकारशक्तीकडून साके उचलून घ्यावे, अशी ही कल्पना. १९९९ सालीं उंदरांत ती अपेक्षेबाहेर यशस्वी झाली. माणसांत प्रयोग सुरू झाला, आणि जानेवारी २००२ मध्यें तो एकाएकीं थांबवावा लागला. लस घेतलेल्या २९८ जणांपैकीं १८ जणांच्या मेंदूला व आवरणांना दाह झाला होता. कसौलीच्या लशीनें जो इशारा दिला होता, तोच जणूं नव्या वेषांत पुढें आला. त्याहून दुःखाची गोष्ट २००८ सालीं कळली. लस घेऊन पुढें वारलेल्या कांहीं रोग्यांच्या मेंदूंतून साके जवळजवळ नाहींसे झाले होते, आणि तरीहि त्यांची बुद्धि अखेरपर्यंत ढासळतच गेली होती. रानडुकरें हाकललीं खरीं, पण तोंपर्यंत पीक उरलेंच नव्हतें.

या अपयशांतूनच आजची दृष्टि आली, आणि तिचें सार एका शब्दांत सांगावयाचें तर तो शब्द ‘वेळ’ हा होय. रोग बाहेर दिसण्यापूर्वीं दहापंधरा वर्षें मेंदूंत साके जमूं लागतात. त्या काळांत मायक्रोग्लिया साक्यांना वेढा घालून राखण करतात. २०१२ च्या अखेरीस व २०१३ च्या आरंभीं आइसलंड व इंग्लंड येथील संशोधकांनीं ‘ट्रेम-२’ या जनुकांतील एक दोष प्रसिद्ध केला. तो असलेल्यांना अल्झायमर होण्याची शक्यता सुमारें तिपटीनें वाढते. हा जनुक मेंदूंत मुख्यतः मायक्रोग्लियांतच काम करतो. जागल्या अधू असेल तर रोग बळावतो, असा याचा सरळ अर्थ. पण याच पेशी दुसरेंहि काम करतात. बालपणीं मज्जापेशींमधील नको असलेले सांधे छाटून टाकणें हें त्यांचें काम असतें. २०१६ सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, साके बसण्याच्याहि आधीं ही बालपणची छाटणी अकालीं पुन्हां सुरू होते आणि चांगले सांधे तोडले जातात. आठवण राहते ती या सांध्यांत. म्हणजे एकच पहारेकरी एका हातानें राखण करतो व दुसऱ्या हातानें नासाडी. आणि कोणता हात केव्हां चालतो, हें रोगाच्या अवस्थेवर अवलंबून असतें. सव्वाशे वर्षांच्या वादांत दोन्हीं पक्षांना अर्धें अर्धें सत्य हातीं लागलें होतें.

जानेवारी २०२३ मध्यें अमेरिकेंत मान्यता मिळालेलें लेकॅनेमॅब हें औषध याच विचारावर उभें आहे. तें म्हणजे बाहेर तयार केलेलें प्रतिपिंड. तें अमायलॉइडला चिकटतें आणि मायक्रोग्लियांना तो पदार्थ उचलण्याची खूण करून देतें. सुमारें अठराशें रोग्यांच्या प्रयोगांत दीड वर्षांत रोगाची गति त्यानें सुमारें एकचतुर्थांशानें मंदावली. रोग बरा झाला नाहीं. कांहीं रोग्यांच्या मेंदूस सूज आली व रक्तस्राव झाला. आणि तें द्यावयाचें तें फक्त प्रारंभींच्या अवस्थेंत. अशा औषधाचा खर्च व त्यासाठीं लागणाऱ्या तपासण्या खेड्यांतील कुटुंबाच्या आवांक्याबाहेरच्या आहेत. दुसरी एक बातमी मात्र सर्वसामान्यांना आशा देणारी आहे. वेल्स देशांत नागीण या रोगाची लस देतांना २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारीख सीमा म्हणून ठरविली होती. त्याआधीं जन्मलेल्यांना लस नाहीं, नंतर जन्मलेल्यांना आहे. केवळ कांहीं दिवसांच्या अंतरानें जन्मलेल्या या दोन गटांची तुलना २०२५ सालीं प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारें एकपंचमांशानें कमी आढळला. हें कां घडतें तें अद्याप निश्चित झालेलें नाहीं. पण शरीरांतील जुन्या संसर्गाचा व प्रतिकारशक्तीचा मेंदूच्या आरोग्याशीं संबंध आहे, या मताला त्यानें बळ आलें आहे.

मग यवतमाळ जिल्ह्यांतील कुटुंबानें या इतिहासांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, विस्मृतीच्या आरंभींच डॉक्टरांना दाखवावें. याला एक मोठें कारण आहे. विस्मृतीच्या कांहीं प्रकारांत प्रतिकारशक्तीचा दोष असतो आणि तरीहि ते सुधारतां येतात. कंठांतील थायरॉइड ग्रंथीवर प्रतिकारशक्ति उलटते, हा प्रकार जपानचे डॉ. हाशिमोटो यांनीं वर्णिलेल्या रोगांत दिसतो. त्यानें मंदावलेली बुद्धि एका साध्या गोळीनें ताळ्यावर येऊं शकते. जठराच्या पेशींवर ती उलटली तर ब-१२ हें जीवनसत्त्व अन्नांतून शोषलें जात नाहीं. शाकाहारी घरांत तें मुळांतच कमी पडतें. आणि त्याच्या अभावानेंहि विस्मृति येते. मज्जापेशींवरील विशिष्ट अणूंविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळें माणूस थोड्या आठवड्यांत भ्रमिष्ट होतो, हें २००७ सालीं कळलें. वेळीं ओळखलें तर त्यावरहि उपचार आहेत. थायरॉइड व ब-१२ यांसाठीं रक्ताची तपासणी पुरते. यवतमाळास १९८९ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरचें मनोरुग्णालय तर १८६४ सालापासूनचें आहे. ‘म्हातारचळ’ म्हणून घरीं बसविलेल्या रोग्यांपैकीं एकाचा जरी रोग असा निवारतां येण्याजोगा निघाला, तरी त्या एका घरापुरता हा सर्व इतिहास सार्थकीं लागला.

दुसरी गोष्ट अशी कीं, रोग निवारण्याजोगा नसला तरी तो लवकर ओळखण्यानें वेळ हातीं येतो. बुद्धि पुष्कळशी शाबूत असतांनाच मनुष्याला आपल्या वावराची, घराची व्यवस्था लावतां येते. सातबाऱ्यावरील नांवासंबंधीं काय करावें, आपली शुश्रूषा कोणी व कशी करावी, हें स्वतःच्या तोंडानें सांगतां येतें. उशीर झाला म्हणजे हे निर्णय दुसऱ्यांच्या हातीं जातात, आणि त्यांतून भाऊभाऊ कोर्टांत उभे राहिल्याचीं उदाहरणें आपणांस ठाऊक आहेत. रक्तदाब व मधुमेह आंवरणें, तंबाखू सोडणें, ऐकूं कमी येत असल्यास यंत्र लावणें, अंगमेहनत व माणसांची ये-जा चालू ठेवणें, हे उपाय साधे आहेत. पण रोगाचा धोका कमी करणारे म्हणून आजच्या वैद्यकानें ते मान्य केले आहेत.

आणि तिसरी गोष्ट घरांतील सुनेसाठीं, लेकीसाठीं, कारण अखेर हा भार बहुतेक त्यांच्याच खांद्यावर येतो. एकच प्रश्न दहा वेळां विचारणारा वृद्ध हट्टी झालेला नसतो. त्याच्या मेंदूंतील आठवणींचे सांधे एकेक करून तुटत असतात. त्याला रागावून ते जुळणार नाहींत. कुष्ठरोग्याला आपल्या समाजानें शतकानुशतकें गांवाबाहेर ठेविलें, आणि तो पापाचा नव्हे, जंतूचा रोग आहे हें कळल्यावर याच विदर्भांत त्याला पुन्हां माणसांत आणणारे लोक निघाले. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध गांवाबाहेर नाहीं, आपल्याच ओसरीवर बसलेला आहे. त्याच्याशीं बोलणें आपण सोडूं नये, आणि ज्याला आपण त्याचें वय म्हणतों तो कदाचित् त्याचा रोग असेल, एवढी शंका मनांत बाळगून त्याला एकदां डॉक्टरांकडे न्यावें.